ड्रायरमधले बूट

नेड्रा स्टुकीचा आवाज आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. चर्चमध्ये ती गाते म्हणून नव्हे, गाण्यात ती पार बेसूर. पण फोन कानाला लावला की तिचा आवाज असा काही खाली उतरतो की पलीकडचं माणूस रडायचं थांबून नाक पुसायला लागतं. एकोणीस वर्षं तिनं त्या आवाजावर नोकरी केली.

गावाच्या वरच्या अंगाला, लाल कड्याच्या पायथ्याशी, मुलींची एक शाळा आहे. पाटीवर तिचं मोठं थोरलं नाव आहे, पण अख्खं गाव तिला ‘वरची शाळा’ म्हणतं. पळून जाणाऱ्या, नशेच्या गोळ्या खाणाऱ्या, आईच्या अंगावर धावून जाणाऱ्या मुली देशभरातून तिथे आणतात आणि वर्ष-दीड वर्ष ठेवतात. सगळा कारभार पायऱ्यांचा. पहिल्या पायरीवर तोंड उघडायलाही परवानगी घ्यायची. तिसऱ्या पायरीवर महिन्यातून एकदा आईला फोन. सहाव्या पायरीवर घर. इथल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला आहे, त्यामुळे शाळेबद्दल वाईट बोलायचं तर आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघावं लागतं.

नेड्राकडे आईवडिलांचं खातं होतं. मुलींची पत्रं आधी ती वाचायची. मुलींचे फोन शेजारच्या यंत्रावरून ती ऐकायची, एक बोट फोन तोडायच्या बटणावर ठेवून. आणि मग आयांना समजवायची.

“तुम्ही थकला आहात. थकलेल्या आईला लेकीचं प्रत्येक वाक्य खरं वाटतं. थोडा धीर धरा.”

प्रत्येक आईला ती सुरुवातीलाच एक कागद पाठवायची. ‘तुमची मुलगी तुम्हाला या पाच गोष्टी सांगेल.’ एक, जेवण वाईट आहे. दोन, मला बरं वाटत नाही. तीन, इथे मारतात. चार, मी आता सुधारले. पाच, मला घेऊन जा, नाहीतर मी मरेन. पत्रात यातलं काही सापडलं की नेड्रा त्यावर पिवळी रेघ ओढायची, समासात आकडा टाकायची आणि पत्र परत. पुन्हा लिही.

दुसरा कागद शाळेची माणसं मुलीला न्यायला येतात त्या दिवसाचा. तो नेड्रानं स्वतः एका दुपारी बसून लिहिला होता. ‘आधी काही सांगू नका. घरून पाठवू नका, आजीकडे बोलवा. आजीच्या घरात मुलं सावध नसतात. बूट काढून कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये ठेवा, तिथे कुणी शोधत नाही. अनवाणी मूल लांब पळत नाही.’ ते ड्रायरचं तिला स्वतःलाच सुचलेलं. मालकांनी तेव्हा सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

आणि मग कोरिन. सोळा वर्षांची, कॅलिफोर्नियाची, खोडकर मुलगी. ओळीनं पाच सोमवार तिच्या पत्रात एकच गोष्ट. पोटात दुखतंय. ओळीनं पाच सोमवार नेड्रानं समासात ‘२’ लिहिलं. सहाव्या आठवड्यात कोरिन जेवणघराच्या फरशीवर आडवी झाली. अपेंडिक्स फुटलं होतं. एकोणीस दिवस दवाखान्यात होती. वाचली.

त्यानंतरही नेड्रा आठ वर्षं तिथेच होती. का, असं मी तिला एकदाच विचारलं.

“मी सोडलं असतं तर पत्रं दुसऱ्या कुणीतरी वाचली असती,” ती म्हणाली. मग तिनं स्ट्रॉचं टोक चावून चपटं केलं. “शिवाय तुला खरं सांगू? पन्नास जणींनी ‘दोन’ लिहिलं, त्यातल्या एकोणपन्नास जणींना काहीही झालेलं नव्हतं. ओहायोची एक मला दर नाताळात कार्ड पाठवते. पोरांचे फोटो असतात. लिहिते, ‘तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत म्हणून मी जिवंत आहे.’ आता सांग, मी कुठलं पत्र फ्रेम करून लावू?”

आता ती निवृत्त आहे, पण तिला एका जागी बसवत नाही. नारळाचा अर्क घातलेल्या डाएट कोकचा बादलीएवढा ग्लास हातात घेऊन ती घरभर फिरते. खिडकी, दार, पुन्हा खिडकी. कुणी फोनवर बोलत असलं की नकळत मान तिकडे वळवते.

ही गोष्ट गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारची. पाक घालून पीच बरण्यांत भरायचा दिवस होता.

*

सकाळी नऊला तिची लेक जनेल आली. मागच्या सीटवर पीचच्या पाच पेट्या, पुढच्या सीटवर पंधरा वर्षांची मॅकेल. जनेल उत्तरेला चार तासांवर राहते, दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे, नवऱ्यापासून वेगळी झालेली. मे महिन्यात मॅकेलची मैत्रीण पेट्रोलपंपाच्या संडासात नशेची निळी गोळी खाऊन मेली. जूनमध्ये जनेलला मॅकेल न्हाणीघरात सापडली, ओठ निळे पडलेले. तेव्हापासून जनेल लेकीच्या दाराबाहेर गादी टाकून झोपते.

“बूट बाहेरच काढ,” दारातच जनेल म्हणाली. “आजीनं फरशी पुसलीय.”

फरशी आठवडाभर पुसलेली नव्हती. नेड्राला वाटलं, जनेल आज फारच शहाण्यासारखी वागतेय. तेवढ्यावर तिनं सोडून दिलं.

“आणि पाच पेट्या कशाला गं? मी दोन सांगितल्या होत्या.”

“स्वस्त मिळाल्या.”

मॅकेल अनवाणी पायांनी स्वयंपाकघरात आली, स्टुलावर चढून बसली आणि एक पीच उचलून चावायला लागली. “आजी, तळघरात आधीच दोनशे बरण्या आहेत. एवढं कोण खाणारेय?”

“जगबुडी आली तर?”

“जगबुडीत तू पीच खात बसणार?”

“मग काय उपाशी बुडू? सुरी घे आणि कामाला लाग. तोंड चालतंय तर हातही चालू दे.”

“माझा फोन जप्त आहे, बूट बाहेर आहेत, आता सुरी तेवढी देतेस. मॉम, आजीला सांग ना, माझ्या हातात सुरी द्यायची नाही म्हणून.”

“मॅकेल,” जनेल म्हणाली.

“गंमत केली.”

उकळत्या पाण्यात पीच टाकायचे, मिनिटभरानं काढून गार पाण्यात बुडवायचे, म्हणजे साल हातानं निघते. मॅकेलची बोटं भराभर चालत होती. नेड्रा फोडी बरणीत रचत होती, त्यावर पाक ओतत होती. जनेल मात्र दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

“कुणी येणारेय का?” नेड्रानं विचारलं.

“नाही गं.”

साडेदहाला जाळीच्या दारावर टकटक झाली. “सिस्टर स्टुकी! कारखाना जोरात दिसतोय!”

आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात. व्हर्न टोब्लर. वरच्या शाळेचा मालक, सत्तरीचा, रविवारी चर्चमध्ये मोठ्यांचा वर्ग घेतो, कुणाचंही छप्पर गळायला लागलं की शिडी घेऊन हजर. माणूस वाईट नाही, हे मला लिहायलाच हवं. हातात टोपीभर पीच होते, आपल्या झाडाचे.

“आण, तुझेच काय ते कमी होते,” नेड्रा म्हणाली.

“मंगळवारचं विचारायला आलो. सॉल्ट लेकला, विधानसभेच्या समितीपुढे सुनावणी आहे. नवीन कायदा आणतायत. प्रत्येक मुलीला आठवड्यातून एक फोन, आणि तो कुणी ऐकायचा नाही.”

“बरं.”

“काय बरं? पहिल्याच फोनात रडतील, आया दुसऱ्या दिवशी विमानात. तू ऐकलेयस ते फोन, तुझ्याइतकं कुणाला माहितीय? दोन पानं लिहून आणलीत, तू नुसती वाच. ती कोरिनसुद्धा येणारेय म्हणे बोलायला.”

नेड्रा ओतत होती तो पाक बरणीबाहेर गेला. ओट्यावर सांडला.

“तिला बोलू दे की,” ती म्हणाली.

“बोलू दे. पण ती वाचलेली आहे, नेड्रा. ज्या वाचल्या नाहीत त्या समितीपुढे येत नाहीत. आईबापांनी मध्येच घरी नेलेल्या चार मुलींच्या अंत्यविधीला मी उभा राहिलोय. एक तर संडासात सापडली.”

मॅकेलची सुरी थांबली. व्हर्नला काय झालं ते कळलं नाही. मग त्याची नजर मॅकेलकडे गेली, तिच्या अनवाणी पायांकडे गेली, आणि तिथून एकदम जनेलकडे. त्यानं टोपीतले पीच ओट्यावर ओतले आणि टोपी डोक्यावर ठेवली. “येतो मी. काम चालू द्या.”

“एक बरणी तरी ने.”

“नंतर नेईन.”

पायऱ्या उतरताना तो इतका भराभर उतरला की नेड्रा जाळीतून बघतच राहिली. खाल्ल्याशिवाय आणि नेल्याशिवाय व्हर्न टोब्लर तिच्या दारातून कधी गेलेला नव्हता.

*

बाराच्या सुमारास पुसायची फडकी संपली. धुतलेली फडकी ड्रायरमध्ये होती, तळघराच्या जिन्याशेजारच्या खोलीत. नेड्रानं दार उघडून हात आत घातला, आणि फडक्यांच्या ढिगात हाताला रबर लागलं.

पांढरे कापडी बूट. बाजूला निळ्या पेननं चांदण्या काढलेल्या. लेस नीट आत खोचलेल्या.

ती तिथेच गुडघ्यांवर बसली. मग तिनं हाक मारली, तोच फोनवरचा खाली उतरलेला आवाज. “जनेल, जरा इकडे ये. दार लावून घे.”

जनेल आली. आईच्या मांडीवर बूट बघितले आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

“किती वाजता?” नेड्रानं विचारलं.

“तीन.”

“किती जण?”

“दोघं. त्यात एक बाई आहे.”

“कुठे?”

“मोंटाना. डोंगरात आहे. चांगली शाळा आहे, आई. व्हर्ननंच नंबर दिला. गावातल्यांच्या पोरी तो स्वतः घेत नाही ना.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“त्यांच्या कागदात लिहिलंय, आजीला सांगू नका म्हणून.” जनेलनं मागच्या खिशातून घडी काढली. “आजीला कामात गुंतवा, असंही.”

“म्हणून पाच पेट्या.”

नेड्रानं कागद उलगडला. वरचं चित्र वेगळं होतं, डोंगर आणि बर्फ. खाली: आधी काही सांगू नका. आजीकडे बोलवा. ड्रायर. अनवाणी मूल लांब पळत नाही. हे एका शाळेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत गेलेलं असणार. माणसं नोकऱ्या बदलतात, जाताना कागद घेऊन जातात. आजीला कामात गुंतवायचं तेवढं कुणीतरी मागाहून घातलेलं.

“हे मी लिहिलंय,” नेड्रा म्हणाली.

“माहितीय. वाचल्या वाचल्या ओळखलं. म्हणून तर मला भरवसा वाटला!” जनेलचा आवाज चढला, तिनं तो लगेच दाबला. “तू सगळ्यांना इतकं ठाम सांगायचीस. मी लहानपणी जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकायचे. धीर धरा, पाठवा, योग्य तेच करताय. हजार बायकांना सांगितलंस. मला एकटीला नाही सांगणार?”

“कोरिनचं तुला माहितीय.”

“कोरिन जगली! पोटावर व्रण घेऊन का होईना, जगली. माझी मरेल, आई. मी दर तासाला उठून तिच्या नाकाशी हात धरते. मला ती व्रणासकट चालेल.”

नेड्रानं बुटांच्या लेस पुन्हा आत खोचल्या. एकोणीस वर्षांत पलीकडच्या बायका हेच बोलत असणार. तिनं कधी वाक्य संपू दिलं नव्हतं.

“शाळेतून तुझ्याशी जी बाई बोलते तिला फोन लाव,” ती शेवटी म्हणाली. “आवाज मोठा ठेव. मी एक अक्षर बोलणार नाही. तू फक्त विचार, लेकीशी एकटीला बोलता येईल का. मध्ये कुणी न ऐकता.”

जनेलनं फोन लावला, ड्रायरवर ठेवला. पलीकडून गोड, संथ आवाज आला. “बोला, जनेल. सगळं ठरल्याप्रमाणे ना?”

“हो. एकच विचारायचं होतं. मला तिच्याशी बोलता येईल ना? म्हणजे, एकटीशी?”

पलीकडे एक छोटासा श्वास. त्या श्वासावर नेड्रानं ओठ उघडले आणि आवाज न काढता बोलायला सुरुवात केली.

“तुम्ही थकला आहात,” फोन म्हणाला. नेड्राचे ओठ शब्दाशब्दाला पुढे होते. “थकलेल्या आईला लेकीचं प्रत्येक वाक्य खरं वाटतं. पहिले तीन महिने तिच्यापेक्षा तुम्हालाच जड जातील. थोडा धीर धरा.”

जनेल फोनकडे बघत नव्हती. आईच्या तोंडाकडे बघत होती.

“तिला बरं नसलं तर?” तिनं विचारलं.

“आम्ही तपासून तुम्हाला कळवू. मुली तसं म्हणतातच. तुम्हाला पाठवलेल्या यादीत ते दुसरं आहे, बघा.”

नेड्रानं दोन बोटं वर केली. ती हसत नव्हती. जनेलच्या तोंडून मात्र हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि तिनं हातानं तोंड दाबलं.

“आजी तिथेच आहेत ना?” आवाज म्हणाला. “आज्या शेवटच्या घटकेला विरघळतात. त्यांना स्वयंपाकघरात...”

“आजी विरघळलेली नाही,” नेड्रा म्हणाली. “आजीचा पाक जळतोय.” आणि तिनं बटण दाबलं. त्या बोटाला सवयच होती.

*

दार उघडलं तर समोर मॅकेल. अनवाणी, हातात सुरी, कोपरापर्यंत पीचचा रस.

“माझे बूट बाहेर नाहीत,” ती म्हणाली. मग तिला आजीच्या हातातले बूट दिसले. “तुझ्याकडे कसे?”

“आई, नको,” जनेल म्हणाली.

“ड्रायरमध्ये होते,” नेड्रा म्हणाली. “तीन वाजता दोन माणसं येणारेत. तुला मोंटानाला न्यायला. वरच्या शाळेसारखीच शाळा आहे. तुला सांगायचं नाही असं ठरलेलं होतं. मी सांगतेय.”

मॅकेल हलली नाही. दोघींचे डोळे तिच्या हातातल्या सुरीवर होते. मॅकेलचं सुरीकडे लक्ष सगळ्यात शेवटी गेलं. ती मागे वळली, सुरी मोरीत टाकली आणि उगाचच नळ सोडून हात धूत राहिली.

“पीच भरायला म्हणे,” पाठमोरीच म्हणाली. “मी चार तास गाडीत गाणी लावली. तूपण गात होतीस, मॉम.”

“मॅकेल...”

“तू गात होतीस!”

जनेल खुर्चीत बसली. “मग काय करू मी? तूच सांग. शपथ घे, मी गोळ्यांना हात लावणार नाही म्हणून, आत्ता त्यांना परत पाठवते.”

“मला शपथ घालू नकोस. घेतली की मी मोडते.” तिनं नळ बंद केला. “मला माहीत असतं काय करायचं, तर मी केलं नसतं का? आजी, तू सांग. तू तर तिथेच होतीस. बऱ्या होतात का मुली?”

“काही होतात.”

“किती?”

“मोजल्या नाहीत. ज्या पत्रं पाठवतात त्याच मला माहीत.”

“आणि तिथे मला काही झालं, तर मी तुम्हाला कसं सांगणार?”

नेड्रा जनेलकडे बघत राहिली. जनेल फरशीकडे.

“सांगता येणार नाही,” जनेल हळूच म्हणाली. “तू सांगशील, आणि मला वाटेल, हे दुसरं.”

भांड्यातला पाक तळाला लागून काळा झाला होता. नेड्रानं तो ओतून दिला, नवीन साखर टाकली. दुसरं काही सुचेना, आणि अर्धे सोललेले पीच वाऱ्यावर काळे पडायला लागले होते. म्हणून तिघी पुन्हा कामाला लागल्या. दीड वाजला, दोन वाजले. भरून झालेल्या बरण्या टॉवेलवर निवत होत्या. एकेक झाकण टक् करून खाली बसत होतं, आणि प्रत्येक टक्-ला तिघींपैकी कुणीतरी दचकत होती. बूट टेबलावर होते. जेवायच्या टेबलावर बूट ठेवलेले नेड्राला आयुष्यात खपले नव्हते, पण ते उचलून कुठे ठेवावेत हे तिला ठरवता येईना. दाराशी ठेवावेत तर जा म्हटल्यासारखं. ड्रायरमध्ये तर नाहीच.

मध्येच मॅकेल म्हणाली, “पळायचं असतं तर मी अनवाणीही पळाले असते. हे कुणी लिहिलं नाही वाटतं कागदात.”

“नाही,” नेड्रा म्हणाली. “ते राहिलं.”

*

तीनला दहा कमी असताना पांढरी गाडी कोपऱ्यावरून वळली. जनेल उठली, हात पुसले, पुन्हा पुसले, आणि बाहेर गेली. मागे दार ओढून घेतलं.

खिडकीतून दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. एक आडदांड माणूस, टोपी छातीशी धरलेली. एक वेणीवाली बाई, हातात कागद अडकवलेली पाटी. जनेल बोलत होती, मान हलवत होती, मग बोलायची थांबली. माणूस शांतपणे काहीतरी सांगत होता. नेड्रा काचेला इतकी चिकटली की तिच्या श्वासानं काच धुरकटली. मॅकेल तिच्या मागे उभी होती, आजीच्या एप्रनची नाडी बोटाला गुंडाळत, सोडत, गुंडाळत.

जनेल आत आली. “आज नाही म्हटलं.”

“आज,” मॅकेल म्हणाली.

“हो, आज. त्याच्यापुढचं मला नाही सांगता येत.”

“मग ती गाडी का हलत नाही?”

“अर्धा तास कोपऱ्यावर थांबतात म्हणे. बऱ्याच आया मागाहून धावत येतात.”

तो अर्धा तास कुणी मोजावा! गाडी पॉप्लरच्या झाडाखाली उभी, इंजिन चालू. जनेल दोनदा उठून दाराशी गेली, दोनदा परत आली. तिसऱ्यांदा तिनं कडीला हात घातला. नेड्राच्या ओठांवर वाक्यं तयार होती, दोन्ही बाजूंची, आणि ती सगळी तिला खोटी वाटत होती. जनेलनं कडी सोडली.

साडेतीनला गाडी गेली.

मॅकेलनं बूट उचलले, खुर्चीवर बसून घातले, लेस बांधल्या. “मी बाहेर जाऊन येते.”

“कुठे?” जनेल एकदम उठली.

“बाहेर. मला इथे श्वास घेता येत नाहीये.”

“मी पण येते.”

“नको, मॉम.”

जनेलनं आईकडे पाहिलं. नेड्रानं एप्रनच्या खिशातून आपला फोन काढला. त्यावर व्हर्नचा निरोप येऊन पडला होता: सगळं नीट पार पडलं का? तिनं उभ्या उभ्याच एका बोटानं उत्तर टाइप केलं. ‘मंगळवारी येते. तुझी पानं वाचणार नाही. कोरिननंतर बोलेन.’ मग फोन मॅकेलच्या हातात दिला.

“हा घे. सहाच्या आत घरी फोन कर, नाहीतर घरी ये. दोन्हीतलं एक.”

“आणि नाही केलं तर?”

“तर मी गाडी काढीन. माझं गाडी चालवणं तुला माहितीय. रस्त्यावरच्या लोकांचा विचार कर.”

मॅकेलच्या ओठाचा एक कोपरा हलला. मागचं जाळीचं दार आपटलं. लसूणघासाच्या शेतातून पांढरे बूट दूर जात राहिले, मग बांधापलीकडे दिसेनासे झाले.

“ती परत नाही आली तर?” जनेलनं विचारलं.

हजार बायकांनी विचारलेला प्रश्न. नेड्राचा आवाज आपोआप खाली उतरायला लागला. तिनं तो थांबवला.

“मला माहीत नाही गं,” ती आपल्या रोजच्या, बेसूर आवाजात म्हणाली. “खरंच माहीत नाही.”

उरलेली एक पेटी दोघींनी सोलायला घेतली. चार वाजले. साडेचार. नेड्रा उठून मागच्या खिडकीशी गेली, आली. पुन्हा गेली. जनेल म्हणाली, “आई, बस ना एका जागी.” आणि मिनिटभरानं तीच उठली.

पाच वाजता नेड्राला ती दिसली. शेताच्या टोकाला, पाटाच्या लाकडी फळीवर बसलेली. बूट काढून शेजारी ठेवलेले, पाय पाण्यात. फोन कानाला लावलेला. ती बोलत होती, मध्येच थांबून ऐकत होती, पुन्हा बोलत होती. मोकळा हात हवेत काहीतरी समजावत होता.

“कुणाशी बोलतेय?” मागून जनेलनं विचारलं. “आई, कुणाशी बोलतेय ती?”

नेड्रानं सवयीनं मान तिकडे वळवली, कान पुढे केला. मधे अख्खं शेत होतं, पाटाचं पाणी वाहत होतं. काही ऐकू येत नव्हतं. ती तशीच उभी राहिली. मागे ओट्यावर एक झाकण टक् करून बसलं, आणि मुलगी बोलतच होती.